वकिलाचे स्टेटस आणि पक्षकाराचे गुपित

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे प्रत्यक्ष कामकाज सुरू झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांचे मुंबईचे हेलपाटे थांबण्याची वाट मोकळी झाली. चार दशकांहून अधिक काळ लावून धरलेली ही मागणी होती. उच्च न्यायालयाचे काम दारात आले, तशी ते काम मिळवण्याची चढाओढही दारात आली आणि ती आता बाररूमबरोबरच मोबाईलच्या पडद्यावरही चालते. कोणी निकालपत्राचे छायाचित्र स्टेटसला ठेवतो, कोणी गाऊन घालून कायद्याची माहिती देणारे रील काढतो, कोणी न्यायालयातून बाहेर पडता पडता चालू खटल्यावर मत मांडतो. यातले काय चालते, काय चालत नाही आणि का, हे पक्षकारांना तर माहीत नसतेच, पण नुकतीच सनद घेतलेल्या अनेक ज्युनियर वकिलांनाही ते नीट कोणी सांगितलेले नसते. म्हणून ते सोप्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. समाजमाध्यमांसाठी वकिलांचा वेगळा कायदा भारतात नाही. वकिलाच्या वागणुकीचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरील नियामक संस्थेने, अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४९ खाली केलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक नियम फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲप यांतले काहीच अस्तित्वात नव्हते तेव्हाचे आहेत. तरीही ते लागू पडतात, कारण ते साधनाविषयी नसून वर्तनाविषयी आहेत. पक्षकाराचे गुपित चावडीवर सांगितले काय आणि ग्रुपवर टाकले काय, नियमभंग तोच.

या सगळ्या नियमांत माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी समजलेला नियम गोपनीयतेचा आहे. जाहिरातबाजीवर बाररूममध्ये तावातावाने चर्चा होते, कारण जाहिरातीने दुसऱ्या वकिलाचे नुकसान होते. गोपनीयता मोडल्याने पक्षकाराचे नुकसान होते आणि पक्षकार बहुधा गप्प बसतो. त्यामुळे या लेखात सर्वाधिक जागा त्यालाच दिली आहे.

गुपित कोणाच्या मालकीचे?

पक्षकार वकिलाकडे येतो तेव्हा घरातल्यांनाही न सांगितलेल्या गोष्टी सांगतो. कर्ज कोणाकडून घेतले, सही कोणी केली, भांडणाच्या रात्री नेमके काय घडले, हे सगळे तो सांगतो, कारण ते बाहेर जाणार नाही असा त्याचा भरवसा असतो. कायद्याने या भरवशाला संरक्षण दिले आहे. पूर्वी ते भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये ते कलम १३२ मध्ये आहे. त्याचा सारांश असा की वकिलीच्या कामासाठी आणि कामाच्या ओघात पक्षकाराने सांगितलेली गोष्ट, दाखवलेल्या कागदपत्रांतला मजकूर आणि वकिलाने दिलेला सल्ला, यांतले काहीही पक्षकाराच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही. वकीलपत्र संपले, केस निकाली निघाली, पक्षकाराने दुसरा वकील दिला, तरी हे बंधन संपत नाही. वकिलाचे कारकून, दुभाषे आणि कर्मचारी यांनाही ते लागू आहे. बेकायदेशीर हेतू तडीस नेण्यासाठी झालेले बोलणे, किंवा काम सुरू झाल्यानंतर घडलेला आणि वकिलाच्या लक्षात आलेला गुन्हा वा फसवणूक, एवढेच अपवाद आहेत. बार कौन्सिलच्या नियम १७ ने जुन्या कलम १२६ मधील याच बंधनाचे उल्लंघन करण्यास मनाई केली आहे आणि नियम २४ सांगतो की पक्षकाराने टाकलेल्या विश्वासाचा गैरफायदा होईल असे काहीही वकिलाने करू नये.

या संरक्षणाचे वजन किती आहे, हे ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालावरून कळते. तपास यंत्रणा पक्षकारांच्या प्रकरणांत थेट वकिलांनाच समन्स धाडू लागल्या, तेव्हा न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ठरवून दिले की कलम १३२ मधील अपवादात बसणारे कारण असल्याखेरीज, आणि ते कारण लिहून वरिष्ठ अधिकाऱ्याची मंजुरी घेतल्याखेरीज, तपास अधिकाऱ्याला वकिलाला असे बोलावता येणार नाही. पोलिसांनी विचारले तरी सांगायला लागू नये म्हणून ज्या माहितीभोवती एवढे कुंपण घातले आहे, तीच माहिती वकील आपल्या हाताने चारशे जणांना दिसणाऱ्या स्टेटसवर ठेवत असेल, तर त्या कुंपणाला अर्थ काय राहिला?

यावर नेहमीचे उत्तर असते, ‘मी कोणाचे नाव कुठे घेतले?’ हे उत्तर किती अपुरे आहे ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा, एका वकिलाने संध्याकाळी असे स्टेटस ठेवले : ‘राधानगरी तालुक्यातल्या एका भगिनीला चौदा वर्षे चाललेल्या वाटपाच्या दाव्यात आज वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हिस्सा मिळवून दिला. भावांनी खोटे हक्कसोडपत्र पुढे केले होते. अंगठा तिचा नव्हताच, हे उलटतपासात उघडे पाडले. सत्याचा विजय.’ सोबत न्यायालयाच्या पायरीवरचे छायाचित्र.

नाव नाही, गाव नाही, गट नंबर नाही. पण स्टेटसला तारीख आहे, कारण ते ‘आज’चे आहे. छायाचित्रावरून न्यायालय ओळखू येते. दाव्याचा प्रकार सांगितलेला आहे आणि तो चौदा वर्षे जुना आहे, हेही सांगितलेले आहे. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर त्या त्या न्यायालयाचा रोजचा बोर्ड कोणालाही पाहता येतो आणि त्या बोर्डावर दाव्याचा क्रमांक, वर्ष आणि पक्षकारांची नावे असतात. एवढ्या जुन्या वर्षाचा वाटपाचा दावा एका दिवशी एका न्यायालयाच्या बोर्डावर कितीसे असणार? ज्याला शोधायचे आहे त्याला पाच मिनिटेही लागणार नाहीत. आणि त्या पंचक्रोशीतल्या माणसाला तर बोर्ड उघडण्याचीही गरज नाही. कोणाचा दावा चौदा वर्षे चालला आहे, कोणाच्या बहिणीने भावांवर केस घातली आहे, हे आपल्याकडे एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसालाही ठाऊक असते. मुंबईसारख्या शहरात नाव काढले की माणूस गर्दीत मिसळून जातो. कोल्हापूर जिल्ह्यात नाव काढले तरी माणूस उरतोच.

आता त्या बहिणीच्या बाजूने विचार करू. तिला हिस्सा हवा होता, आणि तो तिचा हक्कही होता. पण भावांनी खोटा कागद केला, ही गोष्ट तालुकाभर व्हावी अशी तिची इच्छा होती का, हे तिला कोणी विचारले? पंचमीला, दिवाळीला तिला त्याच घराच्या दारात जायचे असेल. निकाल लागला असला तरी अपील बाकी आहे, आणि अपिलात तडजोडीचा मार्ग खुला असेल तर तो या चार ओळींनी बंद होऊ शकतो. भावांना चारचौघांत खोटे ठरवल्यावर ते बोलणीला बसतील कशाला? वकिलाच्या स्टेटसला मिळालेल्या शाबासकीची किंमत अशी पक्षकाराला मोजावी लागते.

‘पण हे सगळे निकालपत्रात आहेच, निकाल तर सार्वजनिक असतो,’ असाही एक बचाव केला जातो. अमेरिकन बार असोसिएशनने २०१८ मध्ये दिलेल्या ४८० क्रमांकाच्या औपचारिक मतात नेमका हाच मुद्दा हाताळला आहे. माहिती न्यायालयाच्या दप्तरात सार्वजनिक असली म्हणून वकिलावरचे गोपनीयतेचे बंधन सुटत नाही, आणि नाव न घेता काल्पनिक म्हणून सांगितलेल्या प्रसंगावरूनही वाचकाला पक्षकार ओळखता येण्याची वाजवी शक्यता असेल तर तोही भंगच, असे ते मत सांगते. ते आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्यामागचे तर्कशास्त्र आपल्या मातीत अधिकच लागू पडते. निकालपत्र वाचायला शोधून जावे लागते. स्टेटस न शोधता समोर येते.

मग पक्षकाराची संमती घेतली तर? कायद्याला ‘स्पष्ट’ संमती हवी आहे. ‘वकीलसाहेब, तुम्ही म्हणाल तसं,’ ही स्पष्ट संमती नव्हे. ज्याची पुढची तारीख आपल्या हातात आहे, ज्याचे मूळ कागद आपल्या कपाटात आहेत, तो पक्षकार ‘नको’ म्हणायला कचरतो, हे वकिली करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून माझे प्रामाणिक मत असे आहे की चालू प्रकरणात संमती मागूच नये, आणि संपलेल्या प्रकरणात मागायची झाल्यास नेमका मजकूर वाचून दाखवून, लेखी घ्यावी.

काही प्रकरणांत मात्र पक्षकाराच्या नुसत्या होकारानेही भागत नाही, कारण तिथे कायद्यानेच पडदा टाकला आहे. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ नाव टाळणे पुरेसे नाही, ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येणार नाही. बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ ने बालकाचे नाव, पत्ता आणि छायाचित्र यांच्या जोडीला कुटुंबाचा तपशील, शाळा आणि राहण्याचा परिसर यांचाही उल्लेख करून मनाई केली आहे. विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांबाबत अशीच मनाई बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ मध्ये आहे. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २२ नुसार घटस्फोट, नांदायला येण्याचे दावे आणि तत्सम कामकाज बंद दरवाजाआड चालते आणि ते छापणे किंवा प्रसिद्ध करणे बेकायदेशीर आहे. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निकालही न्यायालयाच्या पूर्वपरवानगीनेच छापता येतात. पोक्सोच्या खटल्यात आरोपीला जामीन मिळाल्यावर आदेशाची प्रत जशीच्या तशी ग्रुपवर टाकणाऱ्याने हे आधी वाचायला हवे. त्या प्रतीत मुलीचे नाव नसले, तरी आरोपी तिचा कोण लागतो आणि ती कोणत्या शाळेत होती, हे अनेकदा असते.

जाहिरात कुठे सुरू होते

बार कौन्सिलचा नियम ३६ सांगतो की वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे काम मागू नये आणि जाहिरात करू नये. परिपत्रके, जाहिराती, दलाल, ओळखपाळख नसताना घेतलेल्या भेटीगाठी, आपण चालवत असलेल्या प्रकरणांच्या संदर्भात वर्तमानपत्रांत मजकूर पुरवणे किंवा छायाचित्रे छापून आणणे, या सगळ्यांचा त्यात उल्लेख आहे. नामफलक वाजवी आकाराचा असावा आणि त्यावर आपण बार असोसिएशनचे अध्यक्ष होतो, अमुक संस्थेशी जोडलेलो आहोत किंवा अमुक प्रकारच्या कामात निष्णात आहोत, असे लिहू नये, इतक्या बारकाईने हा नियम बोलतो. २००८ मध्ये त्यात भर घालून वकिलाला संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल, सनद क्रमांक व दिनांक, राज्य बार कौन्सिलचे व सदस्य असलेल्या बार असोसिएशनचे नाव, शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि कामाची क्षेत्रे देण्याची मुभा देण्यात आली. म्हणजे ‘दिवाणी आणि महसुली कामे’ अशी माहिती देता येते, पण ‘जिल्ह्यातील नामांकित फौजदारी तज्ज्ञ’ असे लिहिणे नियमात बसत नाही. पहिल्या वाक्यात माहिती आहे, दुसऱ्यात दावा आहे.

या नियमाला महाराष्ट्राचा इतिहास आहे. सत्तरच्या दशकात मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात पक्षकारांना अक्षरशः गाठून, ओढून काम मिळवणाऱ्या काही वकिलांविरुद्ध कारवाई झाली आणि महाराष्ट्र बार कौन्सिल विरुद्ध दाभोळकर या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा बजावले की वकिली हा व्यापार नाही आणि पक्षकारांची कामे हा विक्रीचा माल नाही. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच विचाराचा आधार घेत, वकिलांना गुण आणि दरपत्रके लावून पुढे करणाऱ्या ऑनलाइन मंचांविरुद्ध कठोर आदेश दिला आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला अशा वकिलांवर कारवाई करण्यास सांगितले. मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने स्वतः पत्रक काढून प्रचारकी चित्रफिती, इन्फ्लुएन्सर आणि चित्रपट कलाकार यांच्या साहाय्याने होणाऱ्या वकिली जाहिरातींचा निषेध केला आणि त्या काढून टाकण्यास सांगितले.

आता आपल्याकडे दिसणाऱ्या एखाद्या रीलचा विचार करा. गाऊन आणि बँड घातलेला वकील रंकाळ्याच्या काठावर उभा राहून सांगतो आहे, ‘चेक बाउन्स झालाय? घाबरू नका. पैसे वसूल झाल्यावरच फी. खाली नंबर दिलाय.’ या अर्ध्या मिनिटात किती नियम मोडले गेले? काम मागितले म्हणून नियम ३६. निकालावर अवलंबून फी ठरवली म्हणून नियम २०, कारण वसुलीत वाटा किंवा निकालानुसार फी भारतात वकिलाला घेता येत नाही. आणि न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी गाऊन व बँड घातले म्हणून न्यायालयाप्रती कर्तव्यांमधला नियम ७. विशेष म्हणजे चेक बाउन्सच्या प्रकरणात कोणत्या मुदतीत नोटीस द्यायची, हा एकमेव उपयोगी भाग त्यात नाहीच.

तोच वकील साध्या कपड्यांत बसून सांगतो, ‘चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत लेखी नोटीस द्या, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात फिर्याद दाखल करा,’ तर ते लोकशिक्षण आहे. बार कौन्सिलचा नियम ५१ वकिलाला, जाहिरातीच्या व पूर्णवेळ नोकरीच्या नियमांच्या अधीन राहून, प्रसारण, पत्रकारिता, व्याख्याने आणि अध्यापन करण्याची मोकळीक देतो. फरक ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे. चित्रफितीतून वकिलाचा फोन नंबर आणि बढाई काढून टाकली तर पाहणाऱ्याच्या हाती काही उरते का? उरत असेल तर ती चित्रफीत लोकांसाठी आहे.

इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. हा नियम सर्वांना सारखा लागू असला तरी त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या घरात तीन पिढ्या वकिली आहे त्याला जाहिरातीची गरजच नसते, त्याचे आडनावच बोलते. चंदगड किंवा शाहूवाडीतून येऊन, शहाजी लॉ कॉलेजमध्ये शिकून, भाड्याच्या खोलीत राहून वकिली सुरू करणाऱ्या मुलीला मात्र आपण आहोत हे सांगायलाही मार्ग नसतो. इंग्लंड-अमेरिकेत वकिलांना सत्य आणि दिशाभूल न करणारी जाहिरात करता येते. अमेरिकेत तर १९७७ च्या बेट्स खटल्यापासून तो अभिव्यक्तीचा अधिकार मानला जातो. आपल्याकडे तितके मोकळे सोडावे असे मला वाटत नाही, कारण अशिक्षित आणि अडलेल्या पक्षकाराला भुलवणे फार सोपे आहे. पण संकेतस्थळाला दिलेली २००८ ची मुभा समाजमाध्यमांवरील प्रोफाइललाही तितक्याच स्पष्ट शब्दांत दिली, तर होतकरू वकिलाला उजळ माथ्याने आपली माहिती देता येईल. तोपर्यंत त्या यादीतली माहितीच प्रोफाइलवर ठेवणे आणि त्यापुढे न जाणे, हा सुरक्षित मार्ग आहे.

न्यायालयाविषयी बोलताना

निकालावर टीका करण्याचा अधिकार वकिलालाही आहे. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ५ सांगते की निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली उचित टीका अवमान ठरत नाही, आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक हितासाठी सद्‌भावनेने सांगितलेले सत्य हा बचाव मान्य होऊ शकतो. पण ‘निकाल चुकला’ आणि ‘न्यायाधीश विकले गेले’ यांत फरक आहे. पहिल्यात कारणे द्यावी लागतात, दुसऱ्यात आरोप केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२० रोजी ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना दोन ट्वीटसाठी अवमानाचे दोषी ठरवले आणि ३१ ऑगस्टला एक रुपया दंड केला. त्या निकालावर कायद्याच्या अभ्यासकांत टोकाचे मतभेद आहेत. पण वकिलाचे दोन ओळींचे मतही न्यायालय गांभीर्याने घेऊ शकते, एवढे त्यातून कोणीही समजून घ्यावे.

चालू प्रकरणात मात्र याहून अधिक संयम हवा. नियम ३ प्रमाणे न्यायालयाच्या निर्णयावर अयोग्य मार्गाने प्रभाव टाकण्याचा प्रयत्न करता येत नाही आणि प्रलंबित प्रकरणाविषयी न्यायाधीशाशी खासगी संपर्क साधण्यास मनाई आहे. युक्तिवाद संपल्यावर निकालाच्या आदल्या संध्याकाळी ‘उद्या न्याय होणारच, सारा तालुका पाहतो आहे’ अशी पोस्ट टाकणे, हा त्या नियमाच्या अगदी कडेला उभा असलेला प्रकार आहे. न्यायाधीशांशी समाजमाध्यमांवर मैत्री असावी का, हा प्रश्नही येथेच येतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या न्यायिक जीवनमूल्यांत न्यायाधीशाने बारमधील एखाद्या सदस्याशी, विशेषतः त्याच न्यायालयात वकिली करणाऱ्याशी, घनिष्ठ संबंध टाळावेत असे म्हटले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी तर न्यायिक अधिकाऱ्यांनी फेसबुकवर असूच नये, असे तोंडी मत व्यक्त केले. कॉलेजातला मित्र पुढे त्याच न्यायालयात न्यायाधीश म्हणून आला, तर त्याच्या वाढदिवसाचे छायाचित्र टाकण्याचा मोह वकिलानेच आवरावा. समोरच्या पक्षकाराने ते छायाचित्र पाहिले, तर निकाल कितीही योग्य लागला तरी त्याच्या मनातला संशय फिटणार नाही.

थेट प्रक्षेपणाच्या तुकड्यांबद्दलही दोन शब्द. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्वप्निल त्रिपाठी प्रकरणात थेट प्रक्षेपणाला मान्यता दिली, ती न्यायदान लोकांना दिसावे म्हणून. त्यातला न्यायाधीशांनी समोरच्या वकिलाला खडसावल्याचा वीस सेकंदांचा तुकडा तोडून, वर संगीत लावून फिरवण्यासाठी ती दिलेली नाही. दूरदृश्य सुनावणीचे स्वतः रेकॉर्डिंग करण्यास न्यायालयांची मनाई असते, हेही लक्षात ठेवावे.

समोरच्या पक्षाचे प्रोफाइल पाहता येते का?

जे सर्वांसाठी खुले आहे ते पाहता येते. ‘माझे उत्पन्न काहीच नाही,’ असे पोटगीच्या कामात शपथेवर सांगणाऱ्या नवऱ्याने नव्या चारचाकीपुढचे छायाचित्र जगजाहीर टाकले असेल, तर ते पाहणे हे वकिलाचे कामच आहे. पण ते पाहण्यासाठी दुसऱ्याच नावाने खाते उघडून त्याला मैत्रीची विनंती पाठवणे, किंवा ज्युनियरकडून पाठवून घेणे, ही फसवणूक आहे. शिवाय नियम ३४ नुसार ज्या पक्षकाराला वकील आहे त्याच्याशी वादाच्या विषयावर त्याच्या वकिलामार्फतच बोलायचे असते. ‘साहेब, मिटवून टाकूया’ असा मेसेज थेट समोरच्या पक्षकाराला इन्स्टाग्रामवर पाठवणे या नियमात बसत नाही, हेतू चांगला असला तरी.

सापडलेली पोस्ट पुराव्यात आणायची तर नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि जुन्या कायद्याखालच्या अशाच प्रमाणपत्राची आवश्यकता सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात ठामपणे सांगितली होती. याची दुसरी बाजू अशी की आपल्या पक्षकाराच्या अडचणीच्या पोस्ट दिसल्या म्हणून ‘सगळे डिलीट कर’ असा सल्ला वकिलाने देऊ नये. पुरावा म्हणून सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक अभिलेख नष्ट करणे हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. ‘यापुढे काही टाकू नकोस, आणि जे आहे त्याला हात लावू नकोस,’ एवढाच सल्ला योग्य.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये होणाऱ्या चुका बहुतेक घाईच्या असतात. दाव्याचा मसुदा टायपिस्टला पाठवायचा तो चुकून बारच्या ग्रुपवर जातो, किंवा सल्ला विचारण्यासाठी पक्षकाराचा सातबारा, आधार कार्ड आणि फिर्याद जशीच्या तशी दोनशे वकिलांच्या ग्रुपवर टाकली जाते, ज्यात समोरच्या बाजूचा वकीलही असतो. सल्ला विचारताना कायद्याचा प्रश्न विचारावा, कागद पाठवू नये.

गूगलवर एखाद्या नाराज पक्षकाराने ‘पैसे घेतले, काम केले नाही’ असा अभिप्राय लिहिला तर उत्तर द्यावेसे वाटणे साहजिक आहे. तरीही ‘याने मला खरी हकीकत सांगितलीच नव्हती, याच्यावर आधीच दोन गुन्हे आहेत,’ असे लिहिणे म्हणजे त्याचे गुपित चव्हाट्यावर मांडणे होय. अमेरिकन बार असोसिएशनच्या २०२१ च्या ४९६ क्रमांकाच्या मतानेही ऑनलाइन टीका झाली म्हणून गोपनीय माहिती उघड करण्याची सूट मिळत नाही असे सांगितले आहे. ‘व्यावसायिक बंधनांमुळे येथे उत्तर देऊ शकत नाही,’ एवढे लिहून थांबावे.

पक्षकाराने काय करावे

आपल्या प्रकरणाविषयी वकिलाने काही टाकल्याचे दिसले तर आधी त्याच्याशी बोलावे. बहुतेक वेळा पोस्ट उतरवली जाते आणि विषय संपतो. नवीन वकीलपत्रावर सही करतानाच ‘माझ्या केसचे काही कुठे टाकू नका’ असे सांगण्यात गैर काहीच नाही, आणि चांगल्या वकिलाला त्याचा राग येणार नाही.

तेवढ्याने भागले नाही, किंवा झालेले नुकसान मोठे असेल, तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. पोस्टचा स्क्रीनशॉट तारीख, वेळ आणि खात्याच्या नावासह लगेच जपून ठेवावा आणि शक्य असल्यास तिची लिंकही, कारण स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. प्रथमदर्शनी तथ्य दिसल्यास कौन्सिल प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे सोपवते. समितीने वकिलाला म्हणणे मांडण्याची संधी द्यायची असते आणि कलम ३६-ब प्रमाणे तक्रार एका वर्षाच्या आत निकाली काढायची असते, अन्यथा ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. समिती तक्रार फेटाळू शकते, वकिलाला ताकीद देऊ शकते, त्याची सनद ठरावीक काळासाठी निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव वकिलांच्या यादीतून कायमचे काढू शकते. या आदेशाविरुद्ध साठ दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते. निलंबनाच्या काळात त्या वकिलाला देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहता येत नाही.